सागाच्या खोडाचा हिशेब

आळ्याच्या एखाद्या शेतकऱ्याने बांधावर साग लावला आहे असे समजू. व्यापारी उभ्या झाडांचा उक्ता भाव सांगतो. तो रास्त आहे का?

लाकूडबाजाराची एक रीत अशी: खोडाच्या मधल्या घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. 10 फुटी खोडाचा घेर 2 फूट असेल तर अडीच घनफूट, 4 फूट असेल तर 10 घनफूट. घेर दुप्पट, लाकूड चौपट! शिवाय जाड लाकडाला घनफुटामागे दरही अधिक. म्हणूनच कांद्याचा भाव पडला की कोवळा साग विकणे महागात पडते.

वर्तुळाच्या सूत्राने मात्र 10 ऐवजी 12.7 घनफूट येतात. हा फरक साल व कापणीतील घट म्हणून सोडला जातो. सौद्याआधी सुतळी घ्यावी, हे उत्तम. विद्यार्थ्यांना हा फरक काढायला सांगा.