तीन तासांची जागा

ब्रुकलिनमध्ये फ्लॅटबुश अव्हेन्यूवर सरकारी बसची वाट पाहत उभं राहावं, तर बस यायच्या आधी एखादी व्हॅन हॉर्न मारत कडेला येते. कुठे जायचं ते विचारायचं, चढायचं, हव्या त्या कोपऱ्यावर उतरायचं. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला हा प्रकार समजावून सांगायला नको. आपल्याकडचं जे वडाप, तीच न्यूयॉर्कची डॉलर व्हॅन.

एप्रिल १९८० मध्ये तिथल्या भुयारी रेल्वे आणि बस कर्मचाऱ्यांनी ११ दिवस संप केला. तेव्हा कॅरिबियन बेटांवरून येऊन स्थायिक झालेल्या अनेकांनी आपापल्या गाड्या बाहेर काढल्या आणि माणशी एक डॉलर घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना कामावर पोचवलं. संप मिटला, गाड्या मात्र चालूच राहिल्या. फ्लॅटबुशकडे जाणारी भुयारी रेल्वे १९२० पासून ब्रुकलिन कॉलेजपाशी संपते. पुढच्या वस्तीने काय करायचं? क्वीन्समध्ये १९८८ साली रेल्वे जमैका सेंटरपर्यंत आली, पण आग्नेय क्वीन्सच्या कृष्णवर्णीय आणि स्थलांतरितांच्या वस्त्या तिच्याही पलीकडेच राहिल्या. चायनाटाउनहून सनसेट पार्क आणि फ्लशिंगकडे जाणाऱ्या चिनी चालकांच्या व्हॅन वेगळ्याच. भाडं आता डॉलरभर राहिलेलं नाही, पण सरकारी तिकिटापेक्षा ते कमी असतं. रोज लाखाच्या वर माणसं या गाड्यांनी जातात, असा अंदाज नेहमी सांगितला जातो.

या व्हॅन विजेवर आणायचा प्रयत्न आता सुरू झाला आहे. कागदावर पाहिलं तर याहून सोपं काम नाही. मार्ग ठरलेला आणि आखूड. दर दोन मिनिटांनी थांबायचं, पुन्हा निघायचं. अशा चालीत पेट्रोल इंजिन सर्वात उधळं असतं. विजेच्या गाडीची मोटर थांबल्यावर ऊर्जा खात नाही आणि ब्रेक लावताना थोडी परत मिळवते.

साधा हिशोब मांडू. डाउनटाउन ब्रुकलिनपासून किंग्ज प्लाझापर्यंत ११ किलोमीटर धरा. दिवसात जाऊन-येऊन आठ फेऱ्या झाल्या तर १७६ किलोमीटर. फोर्डची विजेवरची ई-ट्रान्झिट २०२२ मध्ये अमेरिकेत आली. तिच्या पहिल्या मॉडेलचा पल्ला होता सुमारे २०० किलोमीटर. म्हणजे जमतं, पण काठावर. न्यूयॉर्कच्या जानेवारीत ते काठावरही राहत नाही. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची फुकट जाणारी उष्णता आत वळवली की काम भागतं, इथे मात्र हीटर बॅटरीवरच चालतो. त्यात दार सतत उघडणार, आणि प्रत्येक वेळी कमावलेली ऊब रस्त्यावर जाणार.

तरीही वाट आहे. या धंद्याची गर्दी सकाळी आणि संध्याकाळी; दुपार ढिली. त्या पहिल्या ई-ट्रान्झिटच्या बॅटरीत वापरण्याजोगे ६८ युनिट मावतात आणि साधा एसी चार्जर तासाला ११ युनिटपर्यंत भरतो. दुपारचे तीन तास मिळाले तर जवळपास निम्मी बॅटरी भरते आणि हिवाळ्याची संध्याकाळ निघून जाते. महागडा फास्ट चार्जर नको, आणि त्याच्याबरोबर बिलात येणारा, एकदम जास्त वीज ओढल्याबद्दलचा मागणी आकारही टळतो. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉश विद्यापीठातले संशोधक मिनीबस टॅक्सींच्या जीपीएस नोंदी तपासून याच गोष्टीकडे बोट दाखवत आले आहेत: गाड्या दिवसा बराच वेळ उभ्या असतात, तो वेळ वापरा.

पण आफ्रिकेतल्या त्या टॅक्सींना उभं राहायला टॅक्सी रँक, म्हणजे ठरलेले तळ, आहेत. डॉलर व्हॅनला काय आहे? न्यूयॉर्कच्या नियमानुसार परवानाधारक व्हॅननेसुद्धा शहराच्या बसमार्गावर प्रवासी घ्यायचे नाहीत. नियम शब्दशः पाळला तर धंदा उरत नाही. म्हणून परवाना असलेले थोडे, नसलेले बरेच, आणि दोघेही पोलिस दिसला की पुढे सरकणारे. जी गाडी चार मिनिटं एका जागी थांबायला कचरते, तिला तीन तास तारेला बांधून ठेवा असं आपण सांगतो आहोत. बॅटरीच्या किमतीवर पानंच्या पानं लिहिली जातात. मला खरी अडचण ही वाटते.

किमतीचा प्रश्न अर्थातच आहे. चालक सहसा वापरलेली पेट्रोल व्हॅन घेतो आणि ती मोडेपर्यंत चालवतो. ई-ट्रान्झिट कारखान्यातून मालवाहू म्हणून निघते. तिच्यात आसनं, पट्टे, खिडक्या बसवून प्रवासी परवान्याला उतरवण्याचा खर्च वेगळा. वजन वाढलं की पल्ला आणखी घटतो. रोखीची कमाई कागदावर दिसत नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. आणि विमा! पेट्रोल असो वा वीज, व्यावसायिक प्रवासी विम्याच्या हप्त्यानेच कित्येक चालक परवान्याबाहेर ढकलले गेले आहेत.

डॉलराइड ही ब्रुकलिनमधली कंपनी नेमकी या गाठी सोडवू पाहते. सू सानी हे तिचे संस्थापक. न्यूयॉर्क राज्याच्या स्वच्छ वाहतूक पारितोषिक योजनेतून तिला १ कोटी डॉलर मिळाले. चालकाला विजेची व्हॅन भाडेपट्ट्याने द्यायची आणि चार्जिंगच्या जागाही उभ्या करायच्या, अशी तिची मांडणी. गाडीपेक्षा जागेचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. शहर मात्र अजून दुसरीकडेच पाहतं आहे: उबर-लिफ्टच्या गाड्या २०३० पर्यंत प्रदूषणमुक्त किंवा व्हीलचेअर नेणाऱ्या असाव्यात असा नियम २०२३ मध्ये झाला, त्यात या व्हॅनचा समावेश नाही.

सक्ती नाही हे एका अर्थी बरंच. फिलिपीन्सने २०१७ मध्ये जीपनी, म्हणजे तिथल्या खासगी सामायिक गाड्या, सक्तीने बदलायचा कार्यक्रम हाती घेतला. नवी गाडी युरो-४ प्रदूषण निकषाची किंवा विजेची हवी, आणि एकट्यादुकट्या मालकाने सहकारी संस्थेत किंवा कंपनीत सामील व्हायला हवं. नव्या गाडीची किंमत २० लाख पेसोच्या पुढे जाऊ लागली, अनुदान त्यापुढे किरकोळ ठरलं, मार्च २०२३ मध्ये संप झाला आणि मुदत पुढे ढकलत ढकलत ३० एप्रिल २०२४ वर आली. नैरोबीत बेसिगो कंपनीने उलट बाजूने सुरुवात केली. बस घेताना मालक थोडी रक्कम भरतो. बॅटरी, चार्जिंग आणि देखभालीचे पैसे प्रत्येक किलोमीटरमागे देतो. गाडी उभी राहिली तर कंपनीचंही उत्पन्न थांबतं, त्यामुळे ती दुरुस्त करायची घाई दोघांना.

डॉलराइडच्या भाडेपट्ट्यातही चालकाने हाच भाग आधी वाचायला हवा: गाडी बंद पडली त्या दिवसाचा हप्ता कोणाचा, आणि किती वर्षांनी व्हॅन त्याच्या नावावर होणार की कधीच नाही. जुनी, खटारा असली तरी ती त्याची स्वतःची होती. शिवाय व्यावसायिक विजेच्या गाड्यांवर केंद्र सरकारकडून मिळणारी करसवलत, लहान गाड्यांसाठी ७,५०० डॉलरपर्यंतची, ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना बंद झाली. उरलं राज्य आणि शहर. राज्याने पैसे दिलेत. शहराकडे रस्त्याची कड आहे, दुपारी रिकामे राहणारे पार्किंग लॉट आहेत आणि बसमार्गावर थांबू न देणारा तो नियमही शहराच्याच हातात आहे.