फलाटावरून वर्गात

कोलकात्याच्या सियालदह परिसरात पदपथावर वाढणाऱ्या मुलींसाठी लोरेटो डे स्कूलचं फाटक १९८५मध्ये उघडलं. मुख्याध्यापिका होत्या मूळच्या आयर्लंडच्या सिस्टर सिरिल मूनी.

‘रेनबो’ नावाच्या या उपक्रमात घंटा चुकली म्हणून कुणाला परत पाठवलं जात नसे. मुलगी आली की वरच्या वर्गातली विद्यार्थिनी तिच्यासोबत बसायची. अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी सुरू. फी भरणाऱ्या मुलींच्या वेळापत्रकातच या शिकवणीचे तास होते. तयारी झाली की नवी मुलगी नेहमीच्या वर्गात जायची. पुढे रात्रीच्या निवाऱ्याचीही सोय झाली.

१९९४ : शाळेला युनेस्कोचा नोमा साक्षरता पुरस्कार.

२००७ : सिस्टर सिरिल यांना पद्मश्री.

२०२३ : त्यांचं निधन.

याच उपक्रमाच्या धर्तीवर हैदराबाद, दिल्ली, पुण्यातही ‘रेनबो होम्स’ ही निवासगृहं उभी राहिली आहेत.