स्लॅबचा दिवस

पहाटे 5:30

स्लॅब असला की गजराच्या आधीच जाग येते. भोसरीतल्या खोलीत आम्ही तिघी राहतो. एक हिंजवडीला आयटी कंपनीत आहे, दुसरी एमपीएससीचा अभ्यास करते आणि मी मोशीजवळच्या एका बारा मजली इमारतीवर साइट इंजिनिअर आहे. कॉलेजात असताना तिघी एकत्र जेवायचो. आता रविवार सोडला तर एकमेकींचं तोंड दिसत नाही. चहा उकळेपर्यंत फोनवर ड्रॉइंग उघडते: सातवा मजला, 150 मिमी जाडीचा स्लॅब, एम-30 काँक्रीट, बीम धरून साधारण 90 घनमीटर.

सकाळी 7

काँक्रीट यायच्या आधीचा हा तास मला दिवसातला सगळ्यात मोलाचा वाटतो. कन्सल्टंटचे इंजिनिअर काल संध्याकाळी सळई तपासून सही करून गेलेत. पण त्यानंतर इलेक्ट्रिशियनने पाइप टाकलेले असतात, प्लंबरने आपली स्लीव्ह बसवायला एखादी सळई सरकवलेली असते, माणसांच्या येण्या-जाण्यात कव्हर ब्लॉक निसटलेले असतात. म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा चालायचं, वाकून बघायचं.

बीमच्या रिंगांचे हूक मी हात लावून बघते. हूक 135 अंशांत आत वळलेला हवा. 90 अंशांत वळवणं सोपं आणि झटपट होतं, पण भूकंपात बीम-कॉलमचं बाहेरचं काँक्रीट फुटून पडलं की तो हूक उघडतो, रिंग सुटते आणि मुख्य सळया वाकायला मोकळ्या होतात. आत वळलेला हूक गाभ्यातल्या काँक्रीटमध्ये रुतून राहतो. आयएस 13920 मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

परीक्षेत या हुकाची आकृती काढून मार्क मिळाले होते. इथे तिच्याशी माझं नातं वेगळं आहे. मी औसा तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा बाबा ऐन विशीत होते. आसपासच्या गावांतून दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद असलेली घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्याकडे अजूनही घर बांधायचं निघालं की म्हातारी माणसं पहिल्यांदा छताबद्दल विचारतात. मी सिव्हिलला गेले त्याचं मूळ त्या प्रश्नात आहे.

सकाळी 8:30

पहिला ट्रान्झिट मिक्सर आला. आधी चलन बघायचं: ग्रेड, प्रमाण आणि प्लँटवर माल भरल्याची वेळ. त्या वेळेपासून साधारण दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी, आणि नाशिक रस्त्यावरची सकाळची गर्दी त्यातला बराच वेळ खाऊन टाकते. मग स्लंप. 300 मिमी उंचीच्या कोनमध्ये थराथराने काँक्रीट भरायचं, प्रत्येक थराला सळईचे 25 ठोके द्यायचे, कोन सरळ वर उचलायचा आणि काँक्रीट किती खाली बसलं ते मोजायचं.

ऊन चढतं तसं काँक्रीट घट्ट होत जातं. मग पंपावरून हाक येते, “मॅडम, थोडा पानी डाल दूँ?” पाणी घातलं की काम सुटसुटीत होतं हे खरं, पण सिमेंटला लागतं त्याहून जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं. काँक्रीटची ताकद तिथेच घटते. म्हणून पाणी नाही. प्लँटच्या क्यूसी इंजिनिअरला फोन करायचा, ठरलेल्या मर्यादेत अ‍ॅडमिक्श्चर घालून ड्रम फिरवायचा. तरीही जमलं नाही तर गाडी परत.

गाडी परत पाठवणं सोपं नसतं. पंप थांबतो, वीस-पंचवीस माणसं ताटकळतात, पुरवठादाराचे फोन सुरू होतात. मी पहिल्यांदा गाडी परत पाठवली तेव्हा आमचे प्रोजेक्ट मॅनेजर शिडीवरून वर आले, चलन पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मॅडमनी बरोबर केलं.” त्या तीन शब्दांनी मला साइटवर उभं केलं.

सकाळी 11

आता लक्ष बाल्कन्यांवर. आतल्या खोल्यांमध्ये दोन आधारांच्या मध्ये स्लॅब खाली झुकू पाहतो, म्हणून तिथे मुख्य सळई खालच्या बाजूला असते. बाल्कनी एकाच बाजूने धरलेली असते, त्यामुळे ताण वरच्या बाजूला येतो आणि मुख्य सळईही वर लागते. नेमकी हीच सळई ये-जा करणाऱ्यांच्या पायाखाली दबते. 150 मिमीच्या स्लॅबमध्ये ती 50 मिमी खाली गेली, तर बाल्कनीची ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटते, आणि काँक्रीट पडल्यावर वरून काहीच कळत नाही. म्हणून वरची सळई उचलून धरणाऱ्या चेअर जवळजवळ बांधून घ्यायच्या, चालायला फळ्या टाकायच्या आणि बाल्कनीची बाजू भरताना तिथून हलायचं नाही.

हे मला फोरमनकाकांनी शिकवलं. ते झारखंडचे, दहावीपर्यंत शिकलेले. व्हायब्रेटरची सुई कधी काढायची हेही त्यांच्याकडूनच समजलं: बुडबुडे यायचे थांबले, पृष्ठभागावर चकाकी आली की हळूहळू वर घ्यायची. कमी फिरवली तर काँक्रीट जाळीदार राहतं, जास्त फिरवली तर खडी खाली बसते. मला कोड माहीत आहे, त्यांना काँक्रीट माहीत आहे. मी त्यांना काका म्हणते, ते मला मॅडम म्हणतात, आणि वाद झाला की दोघंही ड्रॉइंगपाशी जातो.

दुपारी 1:30

भरणी मध्येच थांबवता येत नाही. अर्धवट सुकलेल्या कडेवर ताजं काँक्रीट पडलं तर तिथे सांधा राहतो, पुढे पाणी गळतं. त्यामुळे पाळीपाळीने जेवायचं. डबा खाताना कॉलेजचा ग्रुप बघते. कुणी बंगळूरला पोहोचलंय, कुणी एमटेकला, कुणी सिव्हिल सोडून टेस्टिंगचा कोर्स करतंय. पगाराच्या आकड्यांत मी मागे आहे. भाडं, मेस आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता गेला की हातात थोडंच उरतं. त्याचा त्रास होतो. पण सातव्या मजल्यावरून खाली बघताना उभ्या राहिलेल्या प्रत्येक मजल्याची मला ओळख आहे, आणि ही कमाईसुद्धा मी हिशोबात धरते.

दुपारी 4

ताकदीच्या चाचणीसाठी 150 मिमीचे क्यूब भरून झाले. एवढ्या काँक्रीटला आयएस 456 प्रमाणे किमान पाच नमुने, एका नमुन्यात तीन क्यूब. सात दिवसांच्या चाचणीचे वेगळे. प्रत्येकावर तारीख आणि मजला लिहायचा. उद्या साच्यातून काढून पाण्याच्या टाकीत. सात दिवसांनी साधारण दोन तृतीयांश ताकद दिसते; पूर्ण उत्तर 28 दिवसांनी.

कॉलेजात उत्तर चुकलं तर पुढच्या सेमिस्टरला तोच पेपर पुन्हा देता यायचा. इथे उत्तर यायच्या आधी वर आणखी मजले चढायला लागतात. म्हणून निकालाची वाट बघत बसण्यापेक्षा निकाल चांगला येईल अशी प्रत्येक कृती आजच करायची असते. नोकरीने माझ्यात केलेला सगळ्यात मोठा बदल हाच आहे.

संध्याकाळी 6:30

शेवटची गाडी रिकामी झाली. गवंडी पट्टी मारतायत. उन्हाने भेगा पडू नयेत म्हणून ओलं गोणपाट तयार ठेवलंय. उद्या सिमेंट-वाळूचे बांध घालून पाणी साठवायचं, किमान दहा दिवस. त्यासाठी कोण, किती वाजता येणार हे नाव घालून वहीत लिहिते. सुतारांच्या मुकादमाला पुन्हा सांगते: बीमखालचे टेकू माझ्या लेखी परवानगीशिवाय काढायचे नाहीत.

रात्री 9

बाबांचा फोन. “जाहिरात आली का गं?” जलसंपदा, बांधकाम विभाग, सरकारी नोकरीचा त्यांचा आग्रह काळजीतून येतो हे मला कळतं. परीक्षा देईन म्हटलं. मग त्यांनीच विचारलं, “स्लॅब नीट झाला?” मी हुकांपासून बाल्कनीपर्यंत सगळं सांगितलं, आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

या घरांत राहायला येणारी माणसं टाइल्स बघतील, नळ बघतील, खिडकीतून वारा येतो का ते बघतील. रिंगेचा हूक कसा वळलाय हे त्यांना कधीच दिसणार नाही, म्हणून तो आम्हीच बघायला हवा. यंदा शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींना म्हणूनच सांगावंसं वाटतं: पहिल्या नोकरीत पगार जरूर विचारा, पण आणखी एक गोष्ट विचारा. चुकीचं काम थांबवायचा अधिकार तिथे तुम्हाला असेल का, आणि तुम्ही ते थांबवलंत तर वरचा माणूस तुमच्या पाठीशी उभा राहील का? उत्तर हो असेल, तर तिथे थोडे कमी पैसे घेऊनही सुरुवात करा.