क्रौर्य आणि परपीडनासक्ती

मूल, सावली, सिंदेवाही या तालुक्यांच्या जंगलपट्ट्यात वाघाने माणूस मारला की 'क्रूर श्वापद' हे शब्द सहज तोंडी येतात. वस्तुतः वाघ मारतो तो भुकेपोटी वा भयापोटी. दुसऱ्याच्या वेदनेत सुख शोधण्याची वृत्ती मात्र माणसाची होय.

मानसशास्त्रात या वृत्तीला 'सॅडिझम' म्हणतात. मराठीत तिला परपीडनासक्ती म्हणता येईल. फ्रेंच लेखक मार्की द साद (१७४०-१८१४) याच्या नावावरून आलेली ही संज्ञा क्राफ्ट-एबिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनोविकारशास्त्रात रूढ केली. प्रारंभी ती कामविकृतीपुरती मर्यादित होती. पुढे एरिक फ्रॉम यांनी १९७३ मध्ये तिचा गाभा निराळा सांगितला: दुसऱ्या जिवावर निरंकुश सत्ता गाजविण्याची लालसा. ज्याला आपल्या दुबळेपणाची बोच असते, त्याला दुसऱ्याला तडफडताना पाहून आपण समर्थ असल्याचा भास होतो.

परंतु प्रत्येक क्रूर कृत्य म्हणजे परपीडनासक्ती नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातीलच जिवती तालुक्यात, वणी खुर्द या गावी, भानामतीच्या संशयावरून वृद्ध व महिलांसह काही दलितांना भरचौकात बांधून मारहाण झाली. मारणारे सारेच मनोरुग्ण होते काय? तसे मानणे सोयीचे खरे. पण मग अंधश्रद्धा, जातीचा माज आणि जमावाचे बळ ही खरी कारणे नजरेआड होतात. जमावात जबाबदारी वाटली जाते आणि भित्रा माणूसही हात उगारतो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९८७ मध्ये आपल्या निदानसूचीच्या परिशिष्टात परपीडक व्यक्तिमत्त्वाची नोंद केली होती. १९९४ च्या आवृत्तीतून ती वगळण्यात आली. अशा निदानाची ढाल करून अत्याचारी सुटतील, ही भीतीही त्या वादात व्यक्त झाली होती. ती अनाठायी नव्हती. विकृतीला उपचार हवेत, हे मान्य. पण अपराधाला शासनच हवे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

कायदा मात्र घटना घडल्यावर येतो. त्याआधीचे काम शाळेचे आणि घराचे आहे. वर्गात एखाद्या दुबळ्या मुलाची फजिती होते आणि बाकीचे हसतात, तेव्हा ते हसू तेथेच थांबविणे, हा या विकृतीवरील पहिला इलाज होय.