नॉझलमधला गारठा

पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या, मळी, उसाचा रस, वीस टक्क्यांचं उद्दिष्ट अशी टिपणं जमत गेली आणि मी एका प्रश्नापाशी अडलो. टाकीतून उडालेलं किंवा इंजिनात न जळलेलं इथेनॉल हवेत किती दिवस राहतं? साधारण साडेतीन दिवस. एका कार्बनने लहान असलेलं मिथेनॉल मात्र बारा-तेरा दिवस टिकतं. हे आकडे काढतात कसे, हे शोधायला गेलो आणि मूळ लेख मागेच राहिला.

दोन्ही अल्कोहोलं हवेतून नाहीशी होतात ती मुख्यतः हायड्रॉक्सिल मूलकामुळे. एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन आणि जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन, एवढाच हा मूलक. ओझोन, बाष्प आणि ऊन यांतून तो खालच्या वातावरणातही सतत तयार होत असावा, हे हायरम लेव्ही यांनी १९७१ मध्ये मांडलं. घन सेंटिमीटरभर हवेत तो सरासरी दहा लाखांच्या घरात असतो, म्हणजे हवेच्या मानाने नगण्य, आणि सेकंदभरही टिकत नाही. समोर आलेल्या अल्कोहोलमधला हायड्रोजन तो ओढून घेतो आणि पाणी होऊन जातो. ही ओढाओढ किती झपाट्याने होते ते सांगणारा आकडा म्हणजे वेगस्थिरांक. नेहमीच्या तापमानाला इथेनॉलचा वेगस्थिरांक मिथेनॉलच्या सुमारे साडेतीनपट आहे.

सेकंदाच्या हजाराव्या भागात संपणाऱ्या गोष्टीचा वेग मोजायची युक्ती जॉर्ज पोर्टर यांची. युद्धकाळात ते नौदलात रडारवर होते. नंतर केंब्रिजमध्ये रोनाल्ड नॉरिश यांच्याबरोबर त्यांनी प्रकाशाच्या एका लखलखाटाने मूलक तयार केले आणि क्षणभराने दुसऱ्या लखलखाटात ते पाहिले. १९६७ च्या नोबेलमध्ये या दोघांबरोबर मॅनफ्रेड आयगेन यांचाही वाटा होता.

आज लखलखाटाच्या जागी लेझर आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या संयुगावर २४८ नॅनोमीटरचा झोत सोडला की ते तुटून हायड्रॉक्सिल सुटतो. दुसरा, २८२ नॅनोमीटरच्या आसपासचा झोत त्याला उत्तेजित करतो आणि तो ३०८ च्या सुमारास चमकतो. दोन झोतांमधलं वेळेचं अंतर थोडंथोडं वाढवत गेलं की चमक उतरत जाताना दिसते. एका मूलकामागे अल्कोहोलचे हजारो रेणू ठेवलेले असतात, त्यामुळे अल्कोहोल संपल्याचं जाणवतही नाही. या मांडणीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की मूलक नेमके किती होते हे कळावंच लागत नाही. चमक कोणत्या प्रमाणात उतरली, एवढं पुरतं. अल्कोहोलची मात्रा बदलून पुन्हा मोजायचं, आलेख काढायचा, आणि रेषेचा चढ म्हणजे वेगस्थिरांक.

हे झालं आपल्या हवेपुरतं. पण मिथेनॉल ताऱ्यांदरम्यानच्या काळोख्या ढगांतही आहे, आणि तिथलं तापमान दहा केल्विनच्या आसपास. प्रयोगाचं भांडं इतकं थंड केलं तर मिथेनॉल भिंतीवरच गोठून बसेल. म्हणून फ्रान्समध्ये बर्ट्रांड रो यांनी १९८० च्या दशकात भांड्याच्या भिंतीच काढून टाकल्या. त्यांनी वापरली ती स्वीडनच्या गुस्ताफ दे लाव्हाल यांनी वाफेच्या टर्बाइनसाठी घडवलेली नॉझल, डमरूसारखी मध्ये आवळलेली. आवळत्या भागातून वायू ध्वनीच्या वेगाला पोचतो आणि पुढे फुलणाऱ्या तोंडातून त्याहून कितीतरी वेगाने बाहेर पडतो. एरवी सैरावैरा धावणारे रेणू आता एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने निघतात. त्यांचा एकमेकांच्या तुलनेतला वेग फारसा उरत नाही, आणि तापमान म्हणजे तरी दुसरं काय? बाहेरचा धातू खोलीइतकाच ऊबदार, आणि हातभर अंतरावरच्या झोतात साठ-सत्तर केल्विनचा गारठा. शीतकरणाचं कुठलंही यंत्र न लावता!

इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात ड्वेन हर्ड यांच्या गटाने अशाच नॉझलमधून वायूचे थोड्या थोड्या वेळाचे झोत सोडून हायड्रॉक्सिल आणि मिथेनॉलची गाठ घालून दिली. थंडीत अभिक्रिया मंदावतात, हे आपण शाळेपासून धरून चाललेलो. इथे ६३ केल्विनला वेगस्थिरांक २०० केल्विनच्या जवळजवळ शंभरपट निघाला! २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. थंडीत दोन रेणू एकमेकांना सैल चिकटून रेंगाळतात आणि तेवढ्या वेळात हलका हायड्रोजन ऊर्जेचा अडथळा न ओलांडताच पलीकडे निघतो. याला क्वांटम टनेलिंग म्हणतात. त्यातून तयार होणारा मिथॉक्सी मूलक झोतात दिसला. २०१२ मध्ये तो अंतराळातही सापडला होता.

मात्र या आकड्यांवर विसंबताना मनात धाकधूक राहते. झोत सेकंदाला सहा-सातशे मीटर धावतो आणि वीसेक सेंटिमीटरपर्यंतच एकसारखा राहतो, म्हणजे मोजायला जेमतेम तीनशे मायक्रोसेकंद. एका वायूसाठी एक नॉझल साधारण एकच तापमान देते. वेगळं हवं तर नवी नॉझल घडवायची. अल्कोहोल वाढवलं की त्याचे रेणू आपसातच जोड्या बांधू लागतात, आणि मग मोजलेलं मिथेनॉल सुटं आहे याची खात्री राहत नाही. मूलकांची मोजणी टळली खरी, पण तिचा सगळा भार अल्कोहोलच्या मोजणीवर पडला आहे. तिथे दहा टक्के चूक झाली तर उत्तरही तेवढंच चुकतं.

सगळ्यात मोठी अडचण दाबाची. झोतात घन सेंटिमीटरला दहाचा सोळावा-सतरावा घात इतके रेणू असतात. काळोख्या ढगात हजारो किंवा लाखो. झोतातली चिकटलेली जोडी वाहक नायट्रोजनच्या रेणूवर आदळून जादा ऊर्जा गमावते आणि टिकते. ढगात असा धक्का द्यायला कोणीच जवळ नसतं, त्यामुळे हायड्रोजन निसटण्याआधीच जोडी फुटून जाऊ शकते. लीड्सच्या मोजमापांत दाबाचा परिणाम आढळला नाही. नंतरच्या काही सैद्धांतिक गणना मात्र म्हणतात की प्रयोगातला दाब आधीच इतका चढा आहे की परिणाम दिसणारच नाही, आणि खऱ्या ढगातला वेग बराच कमी असेल. स्पेनमधल्या सिउदाद रेआलच्या गटाने मिथेनॉल बारा केल्विनच्याही खाली नेलं, इथेनॉल एकवीसपर्यंत. तापमानाची दरी जवळजवळ भरली. दाबाची भरायची तर नॉझल मोठी हवी आणि पंप आणखी दांडगे. पण दाब उतरला की नॉझलच्या भिंतीलगतचा संथ, ऊबदार थर जाड होत जातो आणि मधला एकसारखा थंड गाभाच खाऊन टाकतो.