भूल कोणती, हे कोष ठरवतो

स्तनातलं इम्प्लांट काढायचं ठरलं की भूलतज्ज्ञाला हमखास विचारलं जातं : पूर्ण झोपवणार का? नुसत्या इंजेक्शनवर भागणार नाही? याचं उत्तर इम्प्लांटच्या आकारात कमी आणि त्याच्याभोवतीच्या कोषात जास्त दडलेलं असतं.

क्रोनिन आणि जेरो या शल्यविशारदांनी १९६२ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनला पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसवलं. तेव्हापासून प्रत्येक शरीर एक काम न चुकता करत आलं आहे : आत आलेल्या परक्या वस्तूभोवती तंतूंचा कोष तयार करायचं. कुणाचा तो पातळ, मऊ राहतो; कुणाचा आवळत जाऊन टणक होतो, दुखू लागतो.

कोष तसाच ठेवून फक्त इम्प्लांट काढायचं असेल, तर जुन्या व्रणातून हे काम लवकर उरकतं. मिठाच्या पाण्याचं इम्प्लांट तर आधी रिकामं करून छोट्या छेदातून ओढून घेता येतं. अशा वेळी जागा बधिर करणारी स्थानिक भूल पुरू शकते. औषध बहुधा लिडोकेन. सोबत अ‍ॅड्रेनलिन मिसळलं की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तस्राव कमी होतो. पण लिडोकेनच्या मात्रेला मर्यादा आहे : नेहमीच्या वापरात किलोमागे सुमारे ७ मिलिग्रॅम. साठ किलोच्या स्त्रीसाठी झाले ४२० मिलिग्रॅम, तेही दोन्ही बाजू मिळून. मात्रा जास्त झाली तर ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, पुढे झटकेही येऊ शकतात.

स्थानिक भुलीच्या जोडीला प्रोपोफोल किंवा मिडॅझोलॅमची गुंगी देता येते. रुग्ण स्वतः श्वास घेत असते, नंतर तिला फारसं काही आठवत नाही. मात्र गुंगी म्हणजे ‘हलकी भूल’, हा समज घातक आहे. ती नकळत खोल जाऊन श्वास मंदावू शकतो. म्हणून ती देताना फक्त श्वासाकडे आणि ऑक्सिजनकडे लक्ष ठेवणारी वेगळी व्यक्ती हवीच.

पूर्ण कोष काढायचा असेल तर बहुतेक वेळा संपूर्ण भूलच निवडली जाते. कोषाची मागची भिंत बरगड्यांना चिकटलेली असू शकते आणि त्यापलीकडे असतं फुप्फुसाचं आवरण. तिथे सुरी चालू असताना खोकल्याची एक उबळही नको. काही खडबडीत इम्प्लांटचा संबंध एका दुर्मीळ लिम्फोमाशी जोडला गेला आणि जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीला ती बाजारातून मागे घ्यावी लागली. तो आजार निघाला तर कोष अखंड काढावा लागतो. लक्षणं नसताना केवळ भीतीपोटी इम्प्लांट काढून टाकण्याचा सल्ला मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनानं दिलेला नाही.

स्तनशस्त्रक्रिया आणि भूल यांचं नातं जुनं आहे. जपानच्या हानाओका सेइशू यांनी १८०४ साली धोतरा आणि बचनागवर्गीय वनस्पती घातलेला काढा पाजून स्तनाची गाठ काढली, बोस्टनमधल्या ईथरच्या प्रसिद्ध प्रयोगाआधी ४२ वर्षं!

अलीकडची भर म्हणजे सोनोग्राफीत बघून दिलेले ‘ब्लॉक’. छातीच्या दोन स्नायूंमध्ये औषध सोडण्याची ‘पेक्स’ पद्धत राफाएल ब्लँको यांनी २०११ मध्ये मांडली. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर ती विशेष उपयोगी. बहुधा ती संपूर्ण भुलीच्या जोडीला देतात; जाग आल्यावर वेदना कमी असतात आणि अफूवर्गीय औषधंही कमी लागतात.

एक गोष्ट मात्र रुग्णानं स्वतःहून सांगायला हवी. वजन घटवण्यासाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर जठर सावकाश रिकामं होतं. उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकतं आणि ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका संपूर्ण भुलीत असतो तसाच खोल गुंगीतही असतो.