रुग्णवाहिका आणि बिनतारी

रस्त्याने भोंगा वाजवीत रुग्णवाहिका निघाली की आपण सारे बाजूला होतो आणि मनात म्हणतो, ‘लवकर पोचो बापडी!’ गाडी पोचली म्हणजे रोगी वाचला, असा आपला साधा हिशेब असतो. हृदयविकाराच्या झटक्यात मात्र तो अपुरा पडतो. गाडी दाराशी येईपर्यंत रुग्णालयाला काहीच ठाऊक नसले, तर आलेख काढणे, तज्ज्ञाला बोलावणे, रक्तवाहिनी उघडण्याची सिद्धता करणे, हे सारे तेथून पुढे सुरू होते. इकडे तुंबलेल्या रक्तवाहिनीमुळे हृदयाचा स्नायू क्षणोक्षणी मरत असतो. दाराच्या आत वाया जाणारी ही मिनिटे बिनतारी वाचवू शकते.

ती कशी? हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सूक्ष्म वीज उत्पन्न होते. त्वचेवर मोजली तर ती व्होल्टच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी भरते. तिचा चढउतार कागदावर उमटला की झाला हृदयालेख. हॉलंडमधील लायडन येथे आइंटहोवेन या शास्त्रज्ञाने १९०५ साली रुग्णालयातील रोग्यांचे आलेख दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेवरून घेऊन दाखविले. तारेने जे साधते, ते तारेवाचून का साधू नये? विजेचा चढउतार एका सुरावर चढवावयाचा. वीज वाढली की सूर चढतो, घटली की उतरतो. तो सूर बोलण्याच्या बिनतारी यंत्रावरून धाडावयाचा आणि पलीकडे त्याची पुन्हा रेघ करावयाची. गवयाने तान घ्यावी आणि दुसऱ्याने ती कागदावर उतरवून घ्यावी, तसाच हा प्रकार.

१९६६ साली बेलफास्टमध्ये डॉ. पँट्रिज यांनी डॉक्टरलाच गाडीत बसवून रोग्याच्या घरी धाडले. उपाय नामी खरा. पण प्रत्येक गाडीला डॉक्टर आणावयाचा कोठून? अमेरिकेतील मायामी येथे डॉ. नेगल यांनी १९६७ च्या सुमारास दुसरी वाट काढली. गाडीवर अग्निशामक दलाचे जवान होते. डॉक्टरच्या आज्ञेवाचून त्यांनी औषध टोचावे, हे कोणास मान्य होणार? म्हणून रोग्याचा आलेख बिनतारीने रुग्णालयात जाऊ लागला आणि तो पाहून डॉक्टर आज्ञा देऊ लागले. डॉक्टर जागेवरच राहिले. त्यांची नजर आणि जबाबदारी मात्र रोग्यापाशी पोचली.

आज हे काम बहुधा मोबाईलच्या जाळ्यावरून होते. रोग्याशी पहिली वैद्यकीय भेट झाल्यापासून ९० मिनिटांच्या आत बंद रक्तवाहिनी उघडावी, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. वाटेतूनच आलेख पोचला, तर गाडी येईपर्यंत रुग्णालय सज्ज राहू शकते.

आपल्या महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. छातीत कळ आली की रोग्याला रिक्षात घालून धावण्याची आपल्याला सवय. पण रिक्षा आलेख धाडीत नाही! आणखी एक प्रश्न आपण नागरिकांनी विचारला पाहिजे. गावात गाड्या किती, एवढे विचारून भागणार नाही. गाडीतून आलेख जातो काय, आणि मध्यरात्री तो पाहावयास पलीकडे कोणी जागे असते काय? पलीकडे कोणी जागे नसेल, तर उत्तमातील उत्तम यंत्रही मुकेच राहील.